शोरीलमध्ये नसलेला शॉट : सांगलीतल्या एका मुलाखतीच्या तयारीचं प्रकरण

हे प्रकरण एकाच विद्यार्थ्याचं आहे. त्याला विचारून लिहिते आहे, पण नाव देत नाही. तासगाव तालुक्यातला मुलगा, वय एकवीस, घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड, एवढी ओळख पुरे. मी सांगलीत विश्रामबागेजवळ व्हीएफएक्स, म्हणजे चित्रित दृश्यांवर संगणकाने करायचं काम, शिकवते. त्याआधी सहा वर्षं मुंबईत आधी रोटो आणि मग कम्पोझिटिंगचं, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका दृश्यात जुळवण्याचं, काम केलं. मुलांना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे असं मला वाटतं, आणि या मुलाच्या बाबतीत मी पहिले तीन महिने ते चुकीच्या बाजूने करत होते. म्हणून हे सविस्तर लिहिते.

रोटो म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडे पालक हेच आधी विचारतात. चित्रित झालेल्या शॉटमधल्या माणसाभोवती किंवा वस्तूभोवती फ्रेमगणिक रेषा आखून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळं काढायचं, म्हणजे त्याच्या मागे किंवा पुढे दुसरं काही बसवता येतं. कल्पना जुनी आहे. मॅक्स फ्लायशरने १९१५ मध्ये रोटोस्कोप नावाच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९१७ मध्ये ते मिळालं. तेव्हा फिल्मचं चित्र काचेवर पाडून कागदावर हाताने गिरवत. आता सिल्हूट, न्यूक, मोका अशा सॉफ्टवेअरमध्ये आकार आखतात. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात, त्यामुळे चार सेकंदांचा शॉट म्हटला तरी ९६ फ्रेम नीट बघाव्या लागतात. या क्षेत्रात शिरणाऱ्या बऱ्याच मुलांचं पहिलं दार हेच असतं.

हा मुलगा आमच्याकडे चौदा महिने होता. रोज एसटीने यायचा. हात चांगला, चिकाटी भरपूर, बोलणं कमी. वर्गात काही विचारलं की "येतंय की मॅडम" एवढंच म्हणायचा, आणि त्याला खरंच येत असायचं.

तीन नकार

त्याचं पहिलं शोरील, म्हणजे कामाचे नमुने जोडून केलेला व्हिडिओ, १ मिनिट ५० सेकंदांचं होतं. सुरुवातीला आगीतून बाहेर पडणारं त्याचं नाव, मग एक यानाचं मॉडेल, एक चालणारा रोबो, हिरव्या पडद्यासमोरच्या मुलीचं कीइंग (पडद्याचा रंग काढून तिला वेगळं करणं) आणि शेवटी रोटोचे दोन शॉट. खाली दणदणीत संगीत. ते रील मीच पास केलं होतं, हे इथे लिहायला हवं.

पहिली मुलाखत ऑनलाइन झाली. समोरच्या सुपरवायझरनी रोटोच्या शॉटवर व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, खांद्याला दोन आकार का केलेस? हा गप्प. मग म्हणाला, "सर, आय डिड रोटो इन सिल्हूट." त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, यानेही तेच उत्तर पुन्हा दिलं. सात मिनिटांत मुलाखत संपली.

दुसरीकडे रोबो दिसताच मुलाखत घेणारे म्हणाले की हा रोबो या महिन्यात त्यांनी आणखी काही मुलांच्या रीलमध्ये पाहिला आहे. तो एका प्रसिद्ध मोफत ट्यूटोरियलचा होता. याने तो स्वतः बनवलाच होता, चोरला नव्हता, पण प्रत्येक पायरी दुसऱ्याची होती. रोटोच्या जागेसाठी अर्ज आणि रीलमध्ये सगळ्यात आधी यान, हेही त्यांना खटकलं. मला वाटतं ते बरोबरच होतं. डाळिंब विकायला नेलं आणि पाटीत वरती पेरू ठेवले तर गिऱ्हाईक काय समजणार?

तिसरीकडे चाचणी होती. शॉट दिला, चार तास दिले. याने वेळेत सगळ्या फ्रेम पूर्ण केल्या. कळवतो म्हणाले, कळवलं नाही. चाचणीची फाइल नंतर मला बघायला मिळाली नाही, पण त्याने कसं केलं ते विचारल्यावर कळलं. घाईत त्याने जवळजवळ प्रत्येक फ्रेमला आकाराचे बिंदू हलवले होते. असं केलं की कड थरथरते. एकेक फ्रेम थांबवून बघितली तर सगळं बरोबर दिसतं, चालवून बघितलं की बाहीची कड उकळत्या दुधासारखी हलते. आमच्या भाषेत त्याला चॅटर म्हणतात, आणि रोटो तपासणारा माणूस पहिल्या दोन सेकंदांत तेच बघतो.

मी काय समजले आणि काय होतं

मला वाटलं, इंग्रजी. सांगली-साताऱ्याकडच्या मुलांच्या बाबतीत आपण सगळेच आधी हेच म्हणतो. मी त्याला महिनाभर इंग्रजी बोलायच्या सरावाला बसवलं आणि स्वतःची ओळख करून देणारा एक परिच्छेद लिहून दिला. तो त्याने चोख पाठ केला. सराव मुलाखतीत तो उभा राहिला आणि शाळेतली प्रतिज्ञा म्हणावी तसा म्हणाला, एका दमात. मध्येच मी "का?" विचारलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. आधी तो निदान गप्प राहून विचार तरी करत होता, आता तेही बंद झालं.

मग एका शनिवारी, वर्ग सुटल्यावर, मी त्याला म्हटलं की रील नको, फाइल उघड. काम करतानाची फाइल, जिच्यात आकार, बिंदू आणि कीफ्रेम, म्हणजे ज्या फ्रेमला आकार हाताने बसवला त्या जागा, दिसतात. रील माणूस सजवतो, फाइल सजवता येत नाही. ट्यूटोरियलच्या शॉटची फाइल उघडली, ती जशी शिकवली होती तशीच होती. मग मी त्याच्या फोल्डरमध्ये खाली खाली जात राहिले आणि "शेड_०३" नावाची एक फाइल दिसली.

"हे काय?"

"काय न्हाई मॅडम, घरचं हाय. सुट्टीत केलतं."

उघडलं. बेदाण्याच्या शेडमधलं टेबल, त्यावर पसरलेला बेदाणा, आणि निवडणाऱ्या दोन हातांचा जवळून घेतलेला शॉट, मोबाईलवर काढलेला. हात त्याच्या चुलतीचे. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. डावा हात माल पुढे सारतो, उजवा काळपट दाणे आणि काड्या उचलून बाजूला टाकतो. बोटं एकमेकांच्या मागे जातात, बांगड्या घसरतात, पदराचं टोक मध्ये येतं. ज्याने रोटो केलं आहे त्याला कळेल की हा शॉट किती कठीण आहे. पायघोळ कपड्यातला सरळ चालणारा माणूस याच्यापुढे काहीच नाही.

चार सेकंद, १२० फ्रेम, कारण मोबाईलवर सेकंदाला ३० फ्रेम होत्या. प्रत्येक बोटाला वेगळा आकार, त्यातही पेरांवर तोडलेला. तळवा वेगळा, मनगट वेगळं. कीफ्रेम बघितले तर हात पुढे टोकाला पोहोचतो तिथे एक, मागे येऊन थांबतो तिथे एक, मग त्यांच्या मधोमध, मग जिथे गरज तिथेच. चालवून बघितलं. अंगठ्याजवळ एके ठिकाणी कड सुटली होती, बाकी कुठे थरथर नाही.

तिसऱ्या मुलाखतीच्या चाचणीत घाबरून केलेलं काम आणि हे काम एकाच मुलाचं आहे यावर विश्वास बसत नव्हता. मी मराठीतच विचारलं, अंगठा दोन आकारांत का तोडलास? तो बोलायला लागला आणि वीस मिनिटं थांबला नाही. अंगठा वाकला की एकाच आकाराचे बिंदू एकमेकांवर चढतात आणि आकार फाटतो, म्हणून सांध्यावर तोडायचा. बांगड्यांना एकेक आकार द्यायला गेलो तर दोन दिवस गेले आणि तरी त्या नाचत होत्या, म्हणून मग सगळ्या मिळून एक पट्टी धरली आणि फक्त बाहेरच्या कडा सांभाळल्या. हात झपकन गेला की कड पुसट होते, तेव्हा रेषा त्या पुसट पट्ट्याच्या मधोमध धरायची आणि मोशन ब्लर सॉफ्टवेअरला द्यायला लावायचा, आपण बाहेरून गोल काढायचा नाही.

आणि सगळ्यात चांगली गोष्ट शेवटी सांगितली. आकार नीट बसवले होते, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर ते हातापासून सरकायला लागले. पहिल्या फ्रेमला बरोबर, शेवटाकडे दोन-तीन फ्रेम मागे. तीन दिवस त्याला कळेना. शेवटी लक्षात आलं की मोबाईल व्हिडिओ घेताना फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतो, आणि दोन सॉफ्टवेअर तो वेगवेगळ्या तऱ्हेने मोजतात. मग त्याने व्हिडिओचे क्रमांक घातलेले सुटे फोटो करून घेतले आणि त्यावर सगळं पुन्हा केलं.

"हे मुलाखतीत का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच न्हाई की मॅडम. आणि घरचं काय दाखवायचं?"

खरी अडचण इथे होती, आणि ती इंग्रजीच्या आधी येते. बेदाणा, चुलती, शेड या गोष्टी त्याला कामात धरण्यासारख्या वाटत नव्हत्या. काम म्हणजे यान, रोबो, आग. हे त्याच्या डोक्यात कुठून आलं असेल? आमच्या वर्गाच्या भिंतीवरच्या पोस्टरवरूनच आलं. ज्या शॉटवर त्याने स्वतः निर्णय घेतले होते तो त्याने लपवला, आणि ज्यावर दुसऱ्याने निर्णय घेतले होते तो घेऊन मुलाखतीला गेला. मग "का?" या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?

पुढचे सात आठवडे

रील कापलं. यान गेलं, रोबो गेला, आगीतलं नाव गेलं, संगीत गेलं. तीन शॉट राहिले, ४८ सेकंद. पहिला शॉट शेडमधला. त्यात मूळ दृश्य, मग रंगीत आकारांसह तेच दृश्य, मग फक्त काळं-पांढरं मॅट, म्हणजे वेगळ्या काढलेल्या भागाची पांढरी आकृती, आणि शेवटी टेबलावरचा माल बदलून हात तसेच ठेवलेला तयार शॉट. सुरुवातीला एका साध्या पाटीवर नाव, फोन, मेल आणि "रोटो / पेंट" (पेंट म्हणजे फ्रेममधलं नको ते पुसून काढणं). यान काढताना त्याला वाईट वाटलं, ते मला दिसत होतं. दोन महिने राबला होता त्यावर. पण ज्याची जागा मागायची तेच दाखवायचं, यावर मी हटले नाही.

दुसऱ्याने कॅमेऱ्यावर घेतलेला किंवा शिकवणीतून मिळालेला शॉट असेल तर तसं लिहायचं, हेही ठरवलं. माझं किती आणि दुसऱ्याचं किती हे स्वतःहून सांगितलं की पुढचा माणूस निवांत होतो. विद्यार्थ्यांना उलटं वाटतं. आणि ज्यांनी बाहेरून थोडंफार काम केलं असेल त्यांनी प्रदर्शित न झालेलं काम स्टुडिओच्या परवानगीशिवाय रीलमध्ये अजिबात घालू नये. तिथे नोकरी जाते, नाव खराब होतं.

बोलण्याचा सराव मराठीतून सुरू केला. प्रत्येक शॉटबद्दल पाच गोष्टी सांगायच्या. शॉट कसा आला, त्यातून काय हवं होतं, मी काय केलं, कुठे अडलो, आज पुन्हा केला तर काय बदलेन. पाठ करायचं नाही, लिहूनही काढायचं नाही, स्क्रीनकडे बोट दाखवत सांगायचं. दोन आठवड्यांनी तेच हिंदीत. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत तांत्रिक बोलणं बहुतेक वेळा हिंदीतच होतं, मध्ये मॅट, प्लेट, अल्फा, एज असे शब्द पेरलेले. मग इंग्रजी, लहान वाक्यं. ज्याला मराठीत कारण सांगता येतं त्याचं मोडकं इंग्रजीही समोरच्याला कळतं, हे मी त्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका वेगळ्याच गोष्टीवर गेला. मी चूक दाखवली की तो लगेच समजावायला लागायचा. "फ्रेम ४१, अंगठ्याची कड आत गेली आहे," असं म्हणायचा अवकाश, की "मॅडम तिथं उजेड कमी हाय, म्हणून..." बोलणं नम्रच असायचं, पण थांबायचं नाही. स्टुडिओत रोज काम बघून नोट्स दिल्या जातात, एका बैठकीत पंधरा-वीस जणांचं काम बघायचं असतं. तिथे कारण ऐकायला कुणाला वेळ नसतो. आणि काही स्टुडिओंत मुलाखतीतच मुद्दाम दोन चुका दाखवतात आणि मुलगा काय करतो ते बघतात. मी त्याला एक वही दिली. नोट आली की फ्रेम क्रमांक लिहायचा, काय बदलायचं ते लिहायचं, समजलं नसेल तर एकच प्रश्न विचारायचा, बस. पहिल्या आठवड्यात रोज भांडण. मी चूक नसलेल्या ठिकाणीही नोट द्यायचे. तेव्हा मात्र त्याने "मॅडम, ४१ मला बरोबर वाटते, पुन्हा बघता का?" असं विचारावं, एवढीच अपेक्षा होती. हे त्याला तिसऱ्या आठवड्यात जमलं, आणि त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला.

चाचणीचा सराव घड्याळ लावून. पहिली वीस मिनिटं माऊसला हात लावायचा नाही. शॉट पुन्हा पुन्हा चालवून बघायचा, काय कुठे वळतं, काय कशामागे जातं ते कागदावर मांडायचं. वेळ कमी पडला तर सगळ्या फ्रेम पूर्ण असल्याच पाहिजेत, पण कुठे कच्चं राहिलं ते लिहून द्यायचं.

त्याचे वडील मध्येच एकदा भेटायला आले. द्राक्षछाटणीचे दिवस, तरी सकाळी आले. चहा घेतला आणि थेट विचारलं, "मॅडम, ह्ये काम आता मशीनच करणार म्हणत्यात. पोराचं काय?" मी त्यांना खोटं सांगितलं नाही. हॉलिवूडच्या लेखकांचा आणि कलाकारांचा २०२३ चा संप झाला तेव्हा तिथून येणारं काम आटलं आणि आपल्याकडच्या स्टुडिओंतही मुलांना घरी बसावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलरसारखा शंभर वर्षांचा समूह कोसळला, त्याचं बंगळुरूचं ऑफिसही बंद पडलं. आणि मशीन मॅट काढतं हे खरंच आहे, सरळ शॉटमध्ये बऱ्यापैकी काढतं. बोटं, केस, पुसट कडा आल्या की ते चुकतं आणि माणसाला दुरुस्त करावं लागतं. पण तेवढ्यावर दहा वर्षं निघतील असं मी म्हणणार नाही. म्हणून त्याला पेंटही येतं आणि कम्पोझिटिंगची सुरुवात केली आहे, असं सांगितलं. न्यूकची शिकण्यासाठीची मोफत आवृत्ती आणि ब्लेंडर घरच्या संगणकावर चालतं, त्याला त्यासाठी पैसे मागू देऊ नका, असंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "द्राक्षाचं तरी कुठं सांगता येतंय. अवकाळी आला की गेलं." आणि पोराला वर्षभराची मुदत दिली.

चौथी मुलाखत

पुण्यात, प्रत्यक्ष. आदल्या रात्री मिरजेहून गाडी पकडायचं ठरलं होतं, पण तो पहाटेच्या एसटीने गेला, घरी छाटणीला माणूस कमी होता म्हणून. आधी चाचणी, तीन तास. पाठीवर सॅक घेतलेला माणूस लोखंडी रेलिंगमागून चालत जातो, ७२ फ्रेम. सुरू करण्याआधी त्याने दोन प्रश्न विचारले. मोशन ब्लर मॅटमध्येच हवा का, आणि रेलिंग वेगळं काढून द्यायचं का. त्याच्या सांगण्यावरून, चाचणी देणाऱ्याने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं. शेवटी त्याने फाइलसोबत दोन ओळी लिहून दिल्या, की फ्रेम ५२ ते ५५ मध्ये सॅकचा पट्टा कच्चा आहे, अर्धा तास मिळाला तर नीट होईल.

मुलाखतीत शेडचा शॉट लागला. त्यांनी विचारलं, हे काय चाललं आहे? याने हिंदीत सांगितलं की आमच्याकडे बेदाणा असा निवडतात, मशीनमधून निघाला तरी शेवटचा हात माणसाचाच असतो. मग त्यांनी विचारलं, रोटो करून कंटाळशील, दिवसभर तेच तेच. हा म्हणाला की सुट्टीत चुलतीबरोबर त्या टेबलाला बसतो, संध्याकाळपर्यंत एक काळा दाणा सुटला तरी ती पाटी परत ओतते. हे उत्तर मी शिकवलेलं नव्हतं. मला ते कधीच सुचलंही नसतं.

नऊ दिवसांनी फोन आला. कलाकार म्हणून जागा नाही, तीन महिने प्रशिक्षणार्थी म्हणून घेऊ, विद्यावेतन मिळेल. रक्कम इतकी होती की खोलीभाडं आणि जेवण कसंबसं भागेल. पत्र आम्ही तिघांनी बसून वाचलं. दोन वर्षं न सोडण्याची अट कुठे आहे का, रात्रपाळी आहे का, तीन महिन्यांनंतर काय. एक कलम संदिग्ध होतं, त्याबद्दल त्याने स्वतः मेल लिहिला. मी फक्त शुद्धलेखन बघितलं. उत्तर सरळ आलं, अट नव्हती. तो गेला.

त्याच तुकडीतल्या आणखी तिघांवर मी हीच पद्धत वापरली. एकीला साताऱ्यात जाहिरातींचं काम मिळालं. एक सांगलीतच लग्नाचे व्हिडिओ संपादित करतो आणि पुण्याच्या या मुलापेक्षा जास्त कमावतो. तिसऱ्याला अजून काहीच नाही. त्याच्या फाइलमध्ये स्वतःचा म्हणावा असा शॉट आम्हाला सापडला नाही. तो आता कृष्णेच्या घाटावर पहाटे पोहायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा शॉट घेतो आहे. पाण्याची कड कशी काढायची, हे मलाही त्याच्याबरोबर पुन्हा शिकावं लागतं आहे.

पुण्याला गेलेल्याचा पहिल्या आठवड्यात फोन आला. पहिल्याच शॉटवर चौदा नोट्स आल्या होत्या, वहीत लिहून घेतल्या होत्या. तेरा समजल्या. एक समजत नव्हती, कड अर्धा पिक्सेल आत घे असं लिहिलं होतं, पण सगळीकडे की फक्त खांद्याला?

"मला कशाला विचारतोस," मी म्हटलं. "नोट कुणी दिली?"

"आमच्या लीडनं."

"मग त्यांनाच विचार."

"आत्ता?"

"आत्ता."

दहा मिनिटांनी मेसेज आला. फक्त खांद्याला.